वाकोल्यातली खोली

किटबॅग आधी आत जाते, मग आम्ही. दत्त मंदिर रोडवर मिळालेला रिक्षावाला मीटरने यायला तयार आहे, पण बॅग बघून त्याचं तोंड वाकडं होतं. "आत स्पाइक्स असतील तर सीट फाटेल." पोरगा काही बोलत नाही. बॅग उभी करून दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरतो आणि वरच्या पट्ट्यावर हनुवटी टेकवतो. त्याला याची सवय आहे. उरलेल्या जागेत मी बसतो.

खरं तर आज त्याचे वडील सोबत असायचे. विमानतळावर कार्गोत त्यांची रात्रपाळी असते. रिलीव्हर आला नाही आणि डबल ड्युटी लागली. म्हणून काल रात्री पोराची आई आमच्या दारात. "काका, तुम्ही फोर्टला जाताच ना? याला तेवढं आझाद मैदानावर सोडाल? एकटा जाईन म्हणतो, पण ती बॅग घेऊन गाडीत चढायचं म्हणजे माझा जीव वरखाली होतो." पोरगा 14 वर्षांचा, शाळेच्या हॅरिस शील्डच्या संघात. ऑफिसला मी जरा लवकर पोचेन, इतकंच. हो म्हणून टाकलं.

सव्वासहा वाजलेत. थंडीचे दिवस, अजून धड उजाडलेलं नाही. गल्लीच्या नळावर हंडे लागलेत, पाववाल्याची सायकल दारोदार थांबतेय. धावपट्टी पलीकडेच असल्यामुळे वाकोल्यात बोलण्याची एक रीत आहे. विमान उडालं की वाक्य आहे तिथे सोडायचं आणि ते गेलं की पुढचा शब्द घ्यायचा. आमचा रिक्षावालाही तसंच करतो. ब्रिजखालून नेहरू रोडला लागेपर्यंत त्याने पोराची सगळी माहिती काढलेली असते. बॅट्समन की बॉलर, कुठली शाळा, अकॅडमीची फी किती. शेवटी तो म्हणतो, "पृथ्वी शॉ इकडचाच ना?"

"विरारचा," पोरगा म्हणतो. "इकडे राहायला आलेला."

त्याचं उत्तर बरोबर आहे. पृथ्वी पंकज शॉ वाढला विरारला. घराणं मूळचं बिहारमधल्या गयेचं. आई तो चार वर्षांचा असताना गेली. वडिलांचा कपड्यांचा लहानसा धंदा होता. पोराला पहाटेच्या गाडीने वांद्र्याला न्यायचं, सराव संपेपर्यंत मैदानाच्या कडेला बसायचं आणि परत आणायचं, यात तो धंदा बंद झाला. शाळा रिझवी स्प्रिंगफील्ड, क्लब एमआयजी, दोन्ही वांद्र्याचे. कोवळं पोर, खांद्यावर किट आणि सकाळची विरार लोकल. ज्याने ती गाडी बाहेरून नुसती पाहिली आहे त्यालाही जास्त सांगायला नको. पुढे शिवसेनेचे संजय पोतनीस, म्हणजे कलिन्याचे आमदार, यांनी बापलेकांना वाकोल्यात राहायला जागा दिली. छापून आलेल्या चरित्रात याला एक ओळ मिळते. पुढच्याच ओळीत शाळेच्या सामन्यातल्या 546 धावा येतात आणि वाचणारा तिकडे धावतो.

मी मात्र त्या एका ओळीपाशीच अडतो. इथे राहणाऱ्याला तिचा हिशेब कळतो. विरारहून वांद्रा म्हणजे जायचा तास, यायचा तास, शिवाय दोन्ही टोकांची चालपीट आणि चढायला न मिळालेल्या गाड्या. वाकोल्याहून वांद्रा रिक्षानेही गाठता येतं. वाढीच्या वयातल्या मुलाला त्या खोलीने रोज दोन तासांची झोप दिली. फटका कसा मारायचा ते प्रशांत शेट्टी, राजू पाठक यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी शिकवलं असेल, पण झोप कुठलाही प्रशिक्षक देऊ शकत नाही.

सांताक्रूझ स्टेशन. पूल चढताना मी बॅगेला हात लावायला जातो तर पोरगा लांब होतो. "राहू दे काका, बॅलन्स जातो." फलाटावर तो मला पहिल्या वर्गाच्या डब्यापासून ओढत लगेजच्या डब्यापाशी नेतो. किटवाली मुलं लगेजमध्येच चढतात. जनरलमध्ये बॅग नेली तर शिव्या खाव्या लागतात, हेही तोच सांगतो. चर्चगेट स्लो येते. आत कोथिंबिरीची गाठोडी, मासळीच्या रिकाम्या पाट्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि आधीच दोन किटबॅगा. मुलं एकमेकांना ओळखतात, पण 'काय रे'च्या पुढे बोलणं जात नाही. बहुधा मैदानावर समोरासमोर आहेत.

वांद्र्याला एक बॅग चढते, दादरला तीन. आता भाजीवाल्या बाईला गाठोडं हलवावं लागतं. "सगळेच तेंडुलकर," ती म्हणते, पण स्वतःच सरकून जागा करून देते.

गाडी हलत असतानाच पोरगा चेन उघडून बॅट काढतो. जुनी घेतलेली आहे, कुणाच्या तरी मोठ्या भावाची. कडेला फायबरची टेप आहे, टोकाला रबर, मुठीवर दोन ग्रिप एकावर एक, कारण दांडा त्याच्या हाताला बारीक पडतो. पात्यावर लाल चेंडूचे डाग. तो एकेका डागावर बोट ठेवून मला वाचून दाखवतो. "हा लेट आला. हा हुकला, बाहेरची कड. हे बघा, हे मिडल." मधोमध तळहाताएवढ्या जागेत डाग दाट झालेत, त्याच्या वर आणि डाव्या कडेला तुरळक. गेल्या महिन्याभराचा त्याचा सराव त्या लाकडावर उमटलेला आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकापेक्षा हे जास्त प्रामाणिक आहे, असं मला वाटून जातं. त्याला तसं सांगत नाही.

चर्चगेटला उतरून फॅशन स्ट्रीटच्या बाजूने चालत आझाद मैदान. दुकानांवर अजून ताडपत्र्या आहेत. मैदानावर दव. बावीस खेळपट्ट्या आहेत म्हणतात आणि बावीसही एकमेकींत घुसलेल्या. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. नवख्या माणसाला कोण कुणाच्या बाजूने आहे ते कळायला अर्धा दिवस लागावा. माळी चुन्याने क्रीझ मारतोय. क्लबांचे तंबू उघडू लागलेत.

त्यांतल्या मुस्लिम युनायटेडच्या तंबूत यशस्वी जैस्वाल झोपायचा, हे आता इथल्या चहावाल्यालाही पाठ आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला पोरगा, माळ्यांसोबत राहायचा. 2013 च्या डिसेंबरात ज्वाला सिंग यांनी त्याला पाहिलं आणि आपल्याकडे नेलं. ज्वाला सिंग यांची अकॅडमी सांताक्रूझलाच. त्याच्या आदल्याच महिन्यात, 20 नोव्हेंबरला, याच मैदानावर पृथ्वीने बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डिअसिसीविरुद्ध हॅरिस शील्डमध्ये 330 चेंडूंत 546 धावा केल्या होत्या. 85 चौकार आणि 5 षटकार. सचिनला वानखेडेवर निरोप देऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. रडून मोकळ्या झालेल्या मुंबईला दुसरा सचिन इतक्या लवकर सापडला की त्या पोराला निवांत मोठं व्हायला सवडच राहिली नाही.

दोघांनाही सांताक्रूझने थारा दिला. दोघेही सलामीवीर, दोघांनीही पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं आणि तेही वेस्ट इंडिजविरुद्धच. पृथ्वीने 134, राजकोटला, 4 ऑक्टोबर 2018 रोजी, वय 18 वर्षं 329 दिवस. यशस्वीने 171, डॉमिनिकात रोसोला, जुलै 2023 मध्ये.

साडेनऊच्या सुमाराला नाणेफेक होते. आमची बॅटिंग. 'आमची' असं मी आता म्हणू लागलोय. ऑफिसला फोन करून अकरापर्यंत येतो सांगितलंय. पोरगा तिसऱ्या नंबरावर. पॅड बांधून तो तंबूच्या सावलीत बसतो आणि गुडघा एकसारखा हलवत राहतो. मी पालकांच्या घोळक्यात. इथे नावं कुणी विचारत नाही, अमक्याचे पप्पा, तमक्याची मम्मी एवढंच. बोलणं बोन टेस्टचं चाललंय. सोळा वर्षांखालच्या निवडीआधी मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवतात. एकाच्या मुलाचं हाड वयापेक्षा मोठं निघालं आणि तो बाद झाला. "जन्माचा दाखला महापालिकेचा, तोही खोटा काय?" ते गृहस्थ विचारतात. त्यांनी हा प्रश्न आजवर बऱ्याच जणांना विचारलेला असावा. कुणी उत्तर देत नाही.

मग विषय अपरिहार्यपणे पृथ्वीवर येतो.

"पैसा लवकर आला," डोक्याला रुमाल बांधलेले एक काका निकाल देतात.

"आणि त्याआधी काय होतं ते नाही बघणार?" शेजारची बाई म्हणते. तिचा मुलगा विकेटकीपर. "आई नाही घरात. बापाने धंदा सोडला. आता त्या पोराने अपयशी कधी व्हायचं?"

तिचं म्हणणं माझ्या डोक्यात राहतं. कारण त्याची पहिली दोन वर्षं मांडून पाहिली तर दमायला होतं. जानेवारी 2017 मध्ये राजकोटला तमिळनाडूविरुद्ध रणजी उपांत्य सामन्यात पदार्पण आणि दुसऱ्या डावात 120. त्याच वर्षी दुलीप करंडकात पदार्पणात शतक. जानेवारी 2018 मध्ये आयपीएलच्या लिलावात दिल्लीने 1 कोटी 20 लाखांना घेतलं. 3 फेब्रुवारीला न्यूझीलंडमध्ये माउंट माँगानुईला ऑस्ट्रेलियाला हरवून त्याने 19 वर्षांखालचा विश्वचषक उचलला, कप्तान म्हणून. ऑक्टोबरात ती कसोटी, आणि दोनच सामन्यांच्या त्या मालिकेचा मानकरीही तोच. नोव्हेंबर संपता संपता सिडनीच्या सराव सामन्यात सीमारेषेवर झेल घेताना घोटा मुरगळला. पुढची अख्खी मालिका गेली. नंतर 2019 मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटेलीनपायी आठ महिन्यांची बंदी आली. तेव्हा त्याला वीसही पूर्ण नव्हती. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला 0 आणि 4, आणि दुसऱ्या डावात सगळा संघच 36 वर आटोपला.

सिडनी, ॲडलेड. ही नावं घेतली की मला मेलबर्नचा भाचा आठवतो. तो सांगतो ते ऐकून पहिल्यांदा मजा वाटली होती. या क्रिकेटच्या मैदानांवर हिवाळ्यात त्यांचा 'फूटी' चालतो, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू. लीगमध्येही अठराच क्लब. दर नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो. अठरा वर्षांच्या पोरांची नावं पुकारतात आणि तळाला राहिलेल्या क्लबाला आधी निवड मिळते. पोराला क्लब निवडता येत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबाने घेतलं की त्याने सामान बांधायचं. बोली नसते, निदान दोन वर्षांचा करार असतो. आणि मला अडवणारी गोष्ट ही, की लांबून आलेल्या पोराला पुष्कळदा पहिल्या वर्षी एखाद्या कुटुंबाच्या घरी ठेवतात. जेवायला वेळेवर यायचं, स्वतःचं ताट उचलायचं. क्लबात पगारी माणूस असतो, तो पोराला बँकेचं खातं, पुढचं शिक्षण, उशिरापर्यंतच्या पार्ट्या यांबद्दल छळत राहतो.

म्हणून तिथे सगळं गोमटं आहे असं नाही. 2008 च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबाने पहिल्या क्रमांकावर उचललेला जॅक वॉट्स पुढच्या जूनमध्ये पहिला सामना खेळला तो कॉलिंगवूडविरुद्ध, मोठ्या सुट्टीच्या दिवशी. समोरचे बाप्ये त्या पोरावर तुटून पडले. नंतर त्याने 174 सामने खेळले, पण 'पहिला नंबर' हे ओझं शेवटपर्यंत मानेवर. कोवळ्या वयात मोठं होण्याचा धोका तिथेही आहेच. फरक एवढाच की घर कुणी द्यायचं, हे तिथे एखाद्या आमदाराच्या भल्या मनावर सोडलेलं नाही.

आणि आपल्याकडे ते घर मिळालं तरी ते चढणीपुरतं. विरारच्या पोराला वाकोल्यात आणणारं कुणीतरी निघालं. पण अठराव्या वर्षी कोटीचा धनी झालेल्या पोराला संध्याकाळी "जेवलास का, कुठे चाललास?" असं विचारायची नेमणूक कुणाकडे होती? बापाकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि पोरगं मिळवतं झालं की बापाचा शब्द कितपत चालतो, ते घरोघरी माहीत आहे.

"विकेट!" कुणीतरी ओरडतं. आपलीच. पोरगा उठतो, हेल्मेटची पट्टी दातांनी ओढतो आणि जाताना माझ्याकडे बघतही नाही. दोन सामने ओलांडून त्याला खेळपट्टीवर जायचंय. दुसऱ्या कुणाचा तरी फाइन लेग त्याला वाट देतो. गार्ड घेतो, मिडल-लेग. पहिला चेंडू सोडतो. दुसरा पॅडवर, अपील, अंपायर ढिम्म. चौथ्यावर पुढे पाय टाकून असा सरळ ढकलतो की चेंडू बोलरच्या डाव्या हाताने निसटतो आणि पलीकडच्या सामन्याच्या स्लिपमधून पार होतो. तिथला स्लिप फक्त पाय उचलतो. चौकार. आवाज वेगळा येतो, लाकडाचा भरीव आवाज. गाडीत दाखवलेली तळहाताएवढी जागा, तिथेच लागला असणार.

मी टाळ्या वाजवतो. रुमालवाले काका म्हणतात, "हातात आहे पोराच्या काहीतरी." माझाच मुलगा असावा तसा मी फुगतो.

अकरा धावांवर तो जातो. बाहेर जाणाऱ्या चेंडूला उगाच बॅट लावली आणि कीपरने पकडला. परत येताना दोन सामन्यांमधला तो रस्ता मघापेक्षा लांब वाटतो. सर फक्त एवढंच म्हणतात, "पॅड काढ, पाणी पी आणि स्कोअरबुकापाशी बस." तो बसतो. दुसऱ्यांच्या धावांचे ठिपके आणि आकडे नीट, गोल अक्षरात भरू लागतो. डोळे पुसायचे असतील तर स्कोअरबुक ही चांगली आडोशाची जागा आहे. मी तिकडे जात नाही.

पृथ्वीवरची चर्चा अजून संपलेली नाही. जानेवारी 2023 मध्ये आसामविरुद्ध 379, रणजीच्या इतिहासात भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443 नंतर हाच आकडा. आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या संघातून वगळला. 24 नोव्हेंबर 2024 रोजी पर्थला यशस्वीने 161 केल्या. दुसऱ्या दिवशी जेद्दाहच्या लिलावात पृथ्वीचं नाव पुकारलं, तेव्हा एकही हात वर गेला नाही. आता तो महाराष्ट्राकडून खेळतो. चंडीगडविरुद्ध 222 केल्या. "आणि दिल्लीने परत घेतलाच की, पाऊण कोटीत," कीपरची आई म्हणते. रुमालवाले काका मान हलवतात. त्यांनी निकाल आधीच दिलाय आणि तो बदलायची त्यांची तयारी नाही. मी मनातल्या मनात बाईंच्या बाजूने. सव्विशीतल्या माणसाचा मृत्युलेख लिहायची आपल्याला फार घाई असते.

अकरा वाजत आलेत. मी निघतो तसा मागून एक जण गाठतो. बारीक अंगाचा, पायांत रबरी चपला, खांद्यावर पोराचीच रिकामी बॅग. सफाळ्याचा आहे. मुलगा समोरच्या संघात लेगस्पिन टाकतो. पहिली गाडी पकडून विरार, तिथून पुढे. सफाळ्याला पोराची आई आणि धाकटी.

"तुम्ही वाकोल्याचे ना? मघाशी बोलताना ऐकलं. तिकडे एखादी खोली मिळेल का भाड्याने? लहान चालेल. पोटमाळा असला तरी चालेल. मी आणि पोरगा, दोघंच."

मी भाड्याचा अंदाज सांगतो, डिपॉझिट वेगळं पडेल तेही. तो आकडा तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणतो आणि बोटांवर काहीतरी मोजतो. दरमहा किती, अकरा महिन्यांचे किती. आमच्या गल्लीतल्या एजंटचा नंबर मी देतो. तो स्कोअरशीटच्या फाटक्या कोपऱ्यावर लिहून घेतो आणि खिशात ठेवून पुन्हा बाहेर काढतो.

"पाणी किती वाजता येतं तिकडे?"

"पहाटे. पाचच्या आसपास."

"मग जमतंय," तो म्हणतो. "पाणी भरून साडेपाचला निघता येईल."

आणि एजंटला आत्ताच लावतो फोन.